निळकंठी : ओल्या गवतातली हिवाळी पाहुणी कशी शोधावी, कशी ओळखावी

थंडीत उजनीच्या काठावर पक्षी बघायला आलेल्या माणसांचे तोंड पाण्याकडे असते. रोहित, चक्रवाक, पट्टकदंब, शेकाटे. नजर तिकडेच जाते आणि ते साहजिकही आहे. पण त्याच काठावर, पाठीमागे दहा-पंधरा पावलांवर, पाणकणसाच्या बुडख्याशी चिमणीहून किंचित लहान असा एक पक्षी ओल्या चिखलात चार उड्या मारतो, ताठ उभा राहतो, शेपटी झटकन वर करतो आणि गवतात शिरतो. ही निळकंठी. आपल्याकडे ती दुर्मीळ नाही. तरीही कित्येक वर्षे दुर्बीण गळ्यात घालून फिरणाऱ्या अनेकांनी तिला धड पाहिलेले नसते, कारण ते तिला शोधत फिरतात. निळकंठीच्या मागे फिरू नये. तिची जागा शोधावी आणि तिथे बसावे. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका गोष्टीसाठी आहे.

काही मराठी पुस्तकांत तिला शंकर असेही म्हटले आहे. इंग्रजी नाव ब्लूथ्रोट. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो तारेवर बसणारा मोठा नीलपंख वेगळा. नावांच्या सारखेपणामुळे नवख्यांची गल्लत होते म्हणून आधीच सांगितले.

आधी एवढे माहीत असू द्या

शास्त्रीय नाव लुसिनिया स्वेसिका. लिनीअसने १७५८ साली तिचे वर्णन केले. कुळ माशीमारांचे, म्हणजे आपले दयाळ, चिरक, गप्पीदास, थिरथिरा हे तिचे भाऊबंद. हे नाते लक्षात ठेवले तर तिची चालचलणूक लगेच कळते: जमिनीवर उड्या, मध्येच ताठ थांबणे, शेपटीची उघडझाप. लांबी साधारण १३ ते १५ सेंटीमीटर, वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम.

वीण मात्र लांब, उत्तरेत. स्कँडिनेव्हियापासून रशिया-सायबेरियामार्गे पार पश्चिम अलास्कापर्यंत, ओलसर झुडपी प्रदेशात ती जमिनीवर घरटे करते. भारतात ती लडाखच्या बाजूला वीण करते. बाकी देशात ती फक्त हिवाळी पाहुणी. उत्तर युरोपातल्या निळकंठींच्या पाठीवर उजेडाच्या नोंदीवरून प्रवासाची वाट सांगणारी, एक ग्रॅमहूनही हलकी प्रकाशमापक यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात दिसले की गळ्यावर लाल ठिपका असलेल्या या पक्ष्यांची हिवाळ्याची वाट आग्नेयेकडे, भारतीय उपखंडाकडे येते. म्हणजे आपल्या कालव्याच्या चारीत किडे टिपणारा हा वीस ग्रॅमचा जीव नॉर्वेच्या डोंगरातूनही आलेला असू शकतो. हे कळल्यावर त्या चारीकडे बघण्याची नजर बदलते, निदान माझी तरी बदलली.

पहिली पायरी : हंगाम धरा

महाराष्ट्रात ती ऑक्टोबरात दिसू लागते आणि मार्चअखेर ते एप्रिलात निघून जाते. ऑक्टोबरात गवत अजून उंच आणि हिरवेगार असते, पक्षी विखुरलेले असतात, तेव्हा नवख्याने फार आशा धरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खात्रीचा काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुहेरी फायदा मिळतो: एकतर लहान पाणवठे आटतात, त्यामुळे उरलेल्या ओलीभोवती पक्षी गोळा होतात, दुसरे म्हणजे नराच्या गळ्याचा निळा रंग तोवर भरात आलेला असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्या निळ्यावर फिक्या पिसकडांची झाक असते आणि रंग मळल्यासारखा दिसतो. फोटोत पाहिलेला झळझळीत नर डोळ्यांसमोर ठेवून नोव्हेंबरात गेलात, तर समोर बसलेला पक्षीही ओळखू येणार नाही.

वेळ सकाळची, सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास. तेव्हा चिखलावर ऊन तिरपे पडते, किडे हलू लागतात आणि पक्षी उपाशी असतो. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा एक फेरी होते. भर दुपारी ती गवताच्या पोटात असते; तेव्हा झाडाखाली बसून डबा खावा.

दुसरी पायरी : जागा निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण ऐंशी टक्के काम इथेच होते. निळकंठीला तीन गोष्टी एकाच ठिकाणी लागतात: ओल, आडोसा आणि उघडी पट्टी. यातली एक जरी नसली तरी ती तिथे टिकत नाही.

ओल म्हणजे खोल पाणी नव्हे. पाय टेकले की ठसा उमटेल, पण बूट बुडणार नाही, असा चिखल. भुंगेरे, मुंग्या, कोळी, अळ्या अशी तिची सगळी खाद्यवस्तू अशाच जमिनीत असते. आडोसा म्हणजे पाणकणीस, बोरू, लव्हाळे, बेशरमाची जाळी, काठावरची वेडी बाभूळ, किंवा उभा ऊस. एका उडीत आत शिरता येईल असे काहीतरी. आणि उघडी पट्टी म्हणजे या दोन्हींच्या मध्ये असलेली हात-दोन हात रुंदीची मोकळी जागा, जिथे ती पळून किडे टिपू शकते. नुसते घनदाट पाणकणीस असेल तर ती आत असूनही तुम्हाला दिसणार नाही. नुसता उघडा चिखल असेल तर तिथे तुतवार आणि धोबी येतील, निळकंठी येणार नाही.

म्हणून काठावरून चालताना पाण्याकडे न बघता गवताच्या बुडाकडे बघत जा. म्हशी-गुरे पाण्यावर जाताना पाणकणसातून वाट पाडतात. ती वाट म्हणजे या पक्ष्यासाठी तयार अंगण: दोन्ही बाजूंना आडोसा, मध्ये खुरांनी तुडवलेला चिखल, शेणामुळे किडे भरपूर. माझ्या पाहण्यातल्या सर्वांत भरवशाच्या जागा अशाच गुरांच्या वाटा आहेत. गवताच्या बुडाशी नीट पाहिले तर मूठभर रुंदीचे बोगदे दिसतात. उंदीर, पाणकोंबड्या आणि निळकंठी सगळ्यांची ये-जा त्यातून चालते. लाजरी पाणकोंबडी जिथे सकाळी बाहेर येऊन चरते, तिथे निळकंठी असण्याची शक्यता चांगली, कारण दोघींची गरज बरीच सारखी.

आता प्रत्यक्ष कुठे बघाल? धरणाच्या फुगवट्याचे पाणी डिसेंबरपासून मागे सरकू लागते आणि गाळपेर जमीन उघडी पडते. त्या गाळपेराच्या आणि जुन्या काठाच्या मधला झुडपी पट्टा बघा. कालव्याला गळती असेल तिथे खालच्या अंगाला कायम ओल राहते आणि बोरू माजतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती डोकेदुखी, पण निळकंठीसाठी हक्काचे घर. नुकते पाणी दिलेल्या उसाची कड, लसूणघासाच्या वाफ्यांमधला पाट, गावाबाहेरचा ओढा, शहराच्या सांडपाण्याचा नाला, भात काढल्यावर ओल धरून असलेली खाचरे, खाडीकाठी मिठागरांलगतचा बोरू, हे सगळे तिला चालते. स्वच्छ, देखणी जागाच हवी असा तिचा आग्रह नाही. उलट दगडी पिचिंग केलेले तलाव, सिमेंटच्या भिंती बांधलेले नदीकाठ आणि मुरमाड माळ इथे वेळ घालवू नका.

नावानिशी सांगायचे तर पुण्याजवळ पाषाण तलाव आणि मुळा-मुठेवरची कवडी, सोलापूर रस्त्याने पुढे भिगवणजवळची कुंभारगाव, डिकसळ ही उजनीकाठची गावे, नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाले, पैठणचा नाथसागर, जळगाव जिल्ह्यातला हतनूर, मुंबईच्या बाजूला भांडुपचे उदंचन केंद्र आणि उरण, गोव्यात करमळीचे तळे. भांडुपसारख्या ठिकाणी आणि अभयारण्यांत प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्या. पण खरे सांगायचे तर या नावांच्या मागे लागण्याची गरज नाही. तुमच्या गावाच्या दहा किलोमीटरच्या आत वरच्या तीन अटी पुऱ्या करणारी एखादी चारी नक्की असेल. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा, तलावाची किंवा कालव्याची कड मोठी करून पाहा आणि जिथे फेब्रुवारी-मार्चच्या चित्रातही गडद हिरवा पट्टा उरलेला दिसतो ती जागा टिपून ठेवा. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्डच्या संकेतस्थळावर ब्लूथ्रोट या नावाने नकाशा उघडला की आसपासच्या जुन्या नोंदीही दिसतात.

तिसरी पायरी : सामान आणि पायांची काळजी

दुर्बीण ८x४२ ची घ्या, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. १० पटीच्या दुर्बिणीत चित्र मोठे दिसते, पण दिसणारा परीघ अरुंद होतो आणि हाताचा कंप वाढतो. गवतात क्षणभर दिसणाऱ्या पक्ष्यासाठी रुंद परीघ महत्त्वाचा. कपडे मातकट. टोपी, पाणी, वही. बसायला जुने पोते किंवा बारका स्टूल, कारण चिखलावर अर्धा तास उकिडवे बसणे जमत नाही.

घोट्यावर जाणारे बूट घालाच. पाणकणसाच्या कडेला नाग, घोणस असतात आणि थंडीत सकाळी उन्हाला येऊन पडतात. धरणाचा ताजा गाळ वरून वाळलेला दिसतो पण आत पाय गुडघ्यापर्यंत रुततो; काठीने चाचपल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका आणि अशा ठिकाणी एकटे जाऊ नका. शेतातून जायचे असेल तर मालकाला विचारून जा. विचारले की बहुधा चहाही मिळतो आणि "असला एक पक्षी मोटारीपाशी रोज येतो" अशी पक्की खबरही.

चौथी पायरी : बसा

जागेवर पोहोचलात की सूर्य पाठीशी येईल अशी बाजू निवडा. समोर उघडी पट्टी, तिच्या मागे गवत, आणि तुमच्यात नि पट्टीत वीस-पंचवीस पावलांचे अंतर. एखाद्या बांधाला, बाभळीच्या खोडाला टेकून बसा म्हणजे तुमची आकृती आभाळावर उठून दिसणार नाही. उभे राहणे आणि येरझाऱ्या घालणे पूर्ण बंद.

पहिली दहा मिनिटे काहीच घडणार नाही. तुमच्या येण्याने जे लपले ते सगळे आत आहे. मग आधी वटवट्यांची कुरकुर सुरू होईल, पाठोपाठ धोबी उतरतील. त्यानंतर बुडख्याशी, अगदी जमिनीलगत, काहीतरी हललेले जाणवेल. लगेच दुर्बीण झटकून वर नेऊ नका. हळू उचला आणि हललेल्या जागेच्या जरा पुढे, उघड्या पट्टीच्या कडेवर रोखून धरा. निळकंठी गवताच्या सावलीत थांबून आधी बाहेरचा अंदाज घेते. मग दोन-तीन उड्या, थांबा. मान ताठ, छाती पुढे, शेपटी वर. एखादे कुजके पान चोचीने उलटते, खालचा किडा टिपते, पुन्हा पळते. या थांबण्याच्या वेळी तिचा गळा तुमच्याकडे असला तर निरीक्षण साधले.

ती घाबरून आत गेली तरी उठू नका. हिवाळ्यात ती एकेकटी राहते आणि चरण्याची ठरलेली पट्टी सहसा सोडत नाही. बहुतेक वेळा थोड्या वेळाने त्याच भोकातून किंवा त्याच्या हातभर शेजारून पुन्हा बाहेर येते. गवतात शिरून तिला उठवायचा प्रयत्न केलात तर मात्र ती जमिनीलगत उडून पुढच्या झुडपात पडेल, तिथून आणखी पुढे, आणि हाती फक्त पाठमोरी शेपटी लागेल. एकदा पट्टी सापडली की ती वहीत नोंदवा. त्या हंगामात परत तिथेच जा.

पाचवी पायरी : ओळख शेपटीपासून सुरू करा

बहुतेक पुस्तके निळ्या गळ्यापासून सुरुवात करतात. मी उलटे सांगतो. तुम्हाला दिसणाऱ्या निम्म्याहून अधिक निळकंठींना मोठा निळा गळा नसेलच, कारण त्या माद्या किंवा पहिल्या हिवाळ्यातले पक्षी असतील. आणि बहुतेकदा पहिले दर्शन पळत्या पक्ष्याच्या पाठीचेच होते. म्हणून क्रम असा ठेवा: शेपटी, भुवई, गळा.

शेपटी. पाठ साधी करडी-तपकिरी, कुठेही रेघोट्या नाहीत. शेपटी पसरली की बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी-तांबूस रंग आणि मध्य व टोक गडद काळपट. जमिनीलगत उडून जाताना हा तांबूस रंग क्षणभर चमकतो. नर असो, मादी असो, पिल्लू असो, ही खूण सगळ्यांत असते. ओल्या गवतात अशी शेपटी दिसली की निम्मी खात्री झाली समजा.

भुवई. डोळ्यावरून मागे जाणारा ठळक पांढरट पट्टा. दुरूनही दिसतो.

गळा. मोठ्या नराचा गळा आणि छातीचा वरचा भाग निळा, त्याच्या मधोमध तांबूस ठिपका. निळ्याच्या खाली काळी पट्टी, मग बारीक पांढरी, मग तांबूस. पोट मळकट पांढरे. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक नरांचा ठिपका तांबूसच असतो. मादीचा गळा पांढरट, त्याच्या दोन्ही कडांना चोचीपासून खाली उतरणाऱ्या काळसर मिशा, आणि त्या छातीवर एकमेकींना मिळून काळपट ठिपक्यांचा हार होतो. काही वयस्क माद्यांच्या छातीवर निळसर-तांबूस छटाही दिसते. पहिल्या हिवाळ्यातल्या नरात दोन्हींची सरमिसळ असते: वर पांढरट गळा, खाली निळ्या-तांबूस पट्ट्या. अशा पक्ष्याला घाईने मादी लिहून टाकू नये.

मादी आधी शिका, असे मी नव्या मंडळींना आग्रहाने सांगतो. ज्याला मादी ओळखता आली त्याला नर शिकवावा लागत नाही, आणि मादी ओळखणारी माणसे वाढली की नोंदी खऱ्या होतील.

आता गल्लत कोणाशी होते ते पाहू. गप्पीदास हा पहिला. त्याची मादीही तपकिरी आणि तेवढीच, पण ती झुडपाच्या किंवा काडीच्या टोकावर उघड बसते, भुवई पुसट, शेपटीत तांबूस काही नाही आणि उडताना पंखावर पांढरा डाग दिसतो. थिरथिऱ्याची शेपटी भरपूर तांबूस असते आणि ती सतत थरथरते. पण तो कोरड्या जागी, घरांजवळ, आवारात, आणि त्याला पांढरी भुवई नाही. तिरचिमणी जमिनीवर चालते, उड्या मारत नाही. पाठीवर रेघोट्या आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या. वटवटे गवताच्या काड्यांना धरून वर-खाली करतात, शेपटी एकरंगी. चिरकाचे बूड तांबूस असते, पण ते शेपटीखाली, शेपटीत नव्हे. शिवाय त्याला कोरडी, दगडधोंड्यांची जागा आवडते. चालते की उड्या मारते, वर बसते की बुडाशी राहते, हे दोन प्रश्न विचारले तरी यातले बहुतेक घोळ सुटतात.

सहावी पायरी : कान

हिवाळ्यात तिचा मुख्य आवाज म्हणजे टणक, तुटक "चक्… चक्". गप्पीदासही असाच आवाज काढतो, म्हणून आवाज कुठून येतो ते बघा: झुडपाच्या शेंड्यावरून आला तर बहुधा गप्पीदास, गवताच्या बुडातून आला तर निळकंठी. अधूनमधून बारीक शिट्टीसारखा स्वरही ऐकू येतो. परतीचे दिवस जवळ आले की एखादा नर जाळीत बसून दबक्या आवाजात गाणे पुटपुटतो. ते ऐकायला मिळाले तर हातातले सगळे बाजूला ठेवून ऐका. इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या नकला त्यात गुंफलेल्या असतात.

मोबाइलवर तिचे गाणे वाजवून तिला बाहेर काढण्याची सवय मात्र अजिबात लावून घेऊ नका. हा पक्षी हजारो किलोमीटर उडून आला आहे आणि तितकेच परत जायचे आहे. त्यासाठी अंगात चरबी साठवण्याचे त्याचे हे दिवस आहेत. खोटा प्रतिस्पर्धी ऐकवून त्याला पळायला लावणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणे. फोटोसाठी अळ्या टाकून एका जागी खेळवत ठेवण्याचा प्रकारही थांबला पाहिजे. उघड्यावर यायची सवय लागलेला पक्षी शिक्र्याच्या तावडीत सापडतो, गावातल्या मांजरांच्याही.

फोटो हवाच असेल तर

पट्टीच्या पातळीला खाली बसा किंवा पालथे झोपा. वरून काढलेल्या फोटोत पक्षी चिखलात हरवतो. गाडी जवळ लावता येत असेल तर खिडकीतूनच काढा, गाडीला तो माणसाइतका घाबरत नाही. शटरचा वेग १/१००० च्या आसपास ठेवा. गवत कापून किंवा वाकवून जागा मोकळी करू नका, तो त्याचा आडोसा आहे. गळ्याचा देखणा फोटो मिळाल्यावर पसरलेल्या शेपटीचा एखादा साधा फोटोही घ्या. नोंदीला तोच उपयोगी पडतो.

सातवी पायरी : नोंद करा

तारीख, वेळ, जागा, किती पक्षी, नर की मादी की पहिल्या हिवाळ्यातला, आणि जागेचे दोन ओळींचे वर्णन: गवत कोणते, पाणी किती, गुरे येतात का, आग लावल्याच्या खुणा आहेत का. ई-बर्डवर यादी भरताना त्या फेरीत दिसलेले सगळे पक्षी भरा, फक्त निळकंठी नव्हे. पूर्ण याद्यांमधूनच पुढे कळते की एखादा पक्षी कमी होतो आहे की आपण त्याला कमी बघतो आहोत.

सुरुवात करायला महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह सोयीचा आहे. मारुती चितमपल्लींच्या आणि सालिम अलींच्या जन्मदिवसांना जोडणारा हा आठवडा असतो आणि निळकंठी तोवर आलेली असते. फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेचे चार दिवसही पकडा. त्या वेळी पुन्हा त्याच पट्टीवर बसलात तर एकाच हंगामातल्या दोन नोंदी तुलनेला मिळतात. तुमच्या गावात ऑक्टोबरातली पहिली आणि एप्रिलातली शेवटची निळकंठी कोणत्या तारखेला दिसली, हे दरवर्षी लिहून ठेवा. असे टिपण फार थोड्या गावांचे आहे.

आठवी पायरी : पट्टी राखा

जगाचा विचार केला तर या पक्ष्याला आज मोठा धोका नाही. पण आपल्या आसपासची एकेक पट्टी मात्र डोळ्यांदेखत जाते. तलावाच्या सुशोभीकरणात सगळ्यात आधी काठाचे गवत काढतात आणि फरशी बसवतात. ओढे सरळ आणि खोल केले जातात. बांधावर तणनाशक मारले जाते. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणकणसाला आग लावली जाते, नेमकी तेव्हा, जेव्हा आटणाऱ्या पाण्यामुळे पक्षी तिथे गोळा झालेले असतात.

यावर करता येण्यासारखे बरेच आहे, आणि ते भांडून कमी, बोलून जास्त होते. शेतकरी असाल तर विहिरीच्या किंवा चारीच्या कडेला दोन-तीन हात रुंदीचा गवताचा पट्टा तणनाशकाविना सोडा. पाणकणीस हटवायचेच असेल तर सगळे एकदम जाळण्यापेक्षा एका वर्षी एक बाजू कापा, दुसरी पुढच्या वर्षी. जाळणे अटळच असेल तर एप्रिलात निळकंठी गेल्याची खात्री करून घ्या, आणि आत-आसपास टिटवी, पाणकोंबडी असे इथलेच पक्षी वीण करत नाहीत ना तेही बघा. ग्रामपंचायतीत तलावाच्या कामाचा विषय निघाला तर आपल्या वहीतल्या नोंदी आणि दोन फोटो घेऊन जा. एक काठ घाटासाठी, एक काठ गवतासाठी, एवढी साधी मागणी ठेवली तर ती ऐकून घेतली जाते. "निसर्ग वाचवा" म्हणून कोणी फारसे हलत नाही. "आपल्या तळ्यावर हा पक्षी परदेशातून येतो, हा बघा" म्हटले की सरपंचसुद्धा दुर्बीण मागतात.

गाणे ऐकायचे असेल तर

पूर्ण गळ्याने गाणारा नर ऐकायला तिच्या विणीच्या प्रदेशात जावे लागते. उन्हाळ्यात लडाखला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता मोठी आहे. मे-जूनमध्ये लेहला असाल तर एक सकाळ पँगाँगच्या घाईतून वाचवा आणि शे, ठिकसे परिसरातल्या सिंधूकाठच्या दलदलीत, विलो आणि सीबकथॉर्नच्या झुडपांत जा. तिथे नर लपत नाही. झुडपाच्या शेंड्यावर येऊन गातो, हवेत वर झेपावत गातो आणि शेपटी पसरून खाली उतरतो. कारगिलच्या बाजूला जाणार असाल तर सुरू खोऱ्यातली ओली कुरणेही बघा.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या वाचकांना तर इतके लांब जायला नको. बीसबॉस आणि ओस्टफार्डर्सप्लासेनच्या बोरूत एप्रिल-मेमध्ये नर मनसोक्त गातात. तिथल्या नराच्या गळ्यावरचा ठिपका पांढरा असतो, आणि हे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे न येता स्पेन-पोर्तुगाल आणि आफ्रिकेकडे जातात. म्हणून महाराष्ट्रात कधी पांढऱ्या ठिपक्याचा नर दिसला तर फोटो अवश्य घ्या, सविस्तर वर्णन लिहा आणि ती नोंद जाणकारांना दाखवा. लडाखकडच्या काही नरांचा ठिपकाही पांढरा असू शकतो, त्यामुळे फक्त ठिपक्याच्या रंगावरून पक्षी कुठला ते ठरवू नका.